रोज पाणी घालते, तरी मनी प्लांटची पानं पिवळी का?

प्रश्न: तीन महिन्यांपूर्वी मनी प्लांट आणला. १५ सेंटिमीटरच्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे आणि ती कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवली आहे. जागा खिडकीपासून चारेक मीटरवर, टीव्हीच्या शेजारी. रोज सकाळी वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं दिसतं म्हणून अर्धा कप पाणी घालते. गेले पंधरा दिवस एक दिवसाआड खालचं एक पान पिवळं पडतंय, दोन-तीन पानांवर काळे मऊ डाग आलेत आणि वेल मलूल दिसते. पाणी कमी पडतंय असं वाटून संध्याकाळीही घालायला लागले, थोडं खतही दिलं. कुणी म्हणतं आठवड्यातून एकदाच पाणी दे, कुणी म्हणतं बर्फाचे खडे ठेव. आणि एक कळत नाही: माझ्या बहिणीकडे हीच वेल नुसत्या पाण्याच्या बाटलीत मस्त वाढलीय. मग जास्त पाण्यानं ती मरेलच कशी?

उत्तर: आधी आतली कुंडी शोभेच्या भांड्यातून उचला आणि भांड्यात डोकावून बघा. बहुधा तळाशी दोन-तीन बोटं तांबूस पाणी साचलेलं दिसेल, कदाचित त्याला गटारासारखा वासही येईल. तसं असेल तर तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथंच आहे. ते पाणी ओतून द्या, कुंडी जाळीवर किंवा उलट्या बशीवर निथळत ठेवा आणि मग पुढचं वाचा. आज पाणी घालू नका. उद्याही नको.

जास्त पाण्यानं झाड मलूल का होतं, हे आधी समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळती असली की मुळं श्वास घेतात आणि त्या जोरावर पाणी ओढतात. त्याच पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायू आत पोचत नाही. पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मुळं गुदमरतात, पाणी ओढणं थांबतं, मग कुजायला लागतात. पाण्यात उभी असूनही वेल तहानलेली राहते. वर पान लटकलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो, आणि उरलेली मुळंही जातात. तुमच्या संध्याकाळच्या पाण्यानं नेमकं हेच केलं.

शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो पण पाणी टपकत नाही, अशी अवस्था. कुंडीतही आपल्याला तेच हवं. भरपूर पाणी द्यायचं, निथळू द्यायचं, मग वाफसा येऊन तो सरत आला की पुन्हा भरपूर द्यायचं. रोजच्या अर्ध्या कपात वाफसा कधी येतच नाही.

वर कोरडं, खाली चिखल

कोकोपीटचा वरचा थर एका दिवसात फिकट पडतो, आणि त्या रंगावर विसंबणं हीच तुमची पहिली चूक. त्याखाली चार सेंटिमीटरवर ते अजून ओलंच असतं. तळाशी तर हमखास. पाणी घातल्यावर जास्तीचं वाहून गेलं तरी कुंडीच्या बुडाशी एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो, कारण भिजवलेल्या स्पंजासारखं कोकोपीट ते पाणी धरून ठेवतं. कुंडी उथळ असेल तर एकूण मातीच्या मानानं हा थर मोठा ठरतो.

बुडाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, हा समज फार पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे खडे घातल्यानं ओला थर नाहीसा होत नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ सरकतो. निचरा हवा असेल तर तो सगळ्या मातीतच भरड माल मिसळून आणावा लागतो. भोकावर मातीची गळती अडवायला एक जाळीचा तुकडा पुरे.

तुमच्याकडे त्यात जागेची भर पडली. पान उजेडात अन्न बनवतं तेव्हाच त्याची छिद्रं मोकळी असतात आणि पाणी बाहेर पडतं. खिडकीपासून चार मीटरवर उजेड इतका कमी होतो की वेल जेमतेम तग धरते, आणि पाणीही तेवढंच कमी पिते. अर्ध्या कपाचे १०० मिली धरले तरी आठवड्याला ७०० मिली झाले, संध्याकाळचं वेगळं. एवढ्या कुंडीतली वेल तशा अंधुक जागेत इतकं पिऊच शकत नाही. उरलेलं पाणी शोभेच्या भांड्यात साचत गेलं आणि कुंडीचं बूड त्यात बुडून राहिलं.

तहान ओळखायची कशी

बोट हे सगळ्यात जवळचं साधन. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, आत घाला. गार आणि ओलसर लागलं, बोटाला कण चिकटून आले, तर थांबा. कोरडं लागलं आणि कण झटकल्यावर पडून गेले, तर पाणी द्या. कुंडी २० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर बोट पुरत नाही. मग रंग न दिलेली लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवायची. बाहेर काढल्यावर जिथपर्यंत लाकूड गडद झालंय तिथपर्यंत ओल आहे.

पण १५ सेंटिमीटरच्या कुंडीला वजनासारखी दुसरी खात्रीची पद्धत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पाणी पूर्ण देऊन, निथळून झाल्यावर कुंडी तोला. समजा १३०० ग्रॅम भरली. नंतर रोज न तोलता बोटानं तपासत राहा आणि चार-पाच सेंटिमीटरपर्यंत कोरडं लागलं की पुन्हा तोला. समजा आता ९०० ग्रॅम आहे. म्हणजे ४०० ग्रॅम पाणी गेलं, आणि पुढच्या वेळी ४०० मिलीच्या आसपास परत द्यायचंय. किती द्यायचं आणि कधी द्यायचं, दोन्हींचं उत्तर एकाच तोलण्यात मिळतं. दोन-तीन वेळा असं केलं की काटा लागत नाही. कुंडी एका हातानं उचलल्यावरच कळतं. प्लास्टिकची हलकी कुंडी या बाबतीत उपयोगाची. जड मातीच्या कुंडीत हा फरक हाताला तितका जाणवत नाही.

बाजारात मिळणाऱ्या दोन सुयांच्या ओल-मापकावर फार भिस्त ठेवू नका. तो प्रत्यक्षात मातीतून वीज किती वाहते ते मोजतो, त्यामुळे खताचे क्षार वाढले की ओल जास्त दाखवतो आणि भुसभुशीत कोकोपीटमध्ये सुईला नीट स्पर्शच होत नाही.

वेल स्वतःही सांगते. खरोखर तहानलेली वेल सगळीकडून एकदम मऊ पडते, पानं किंचित आत वळतात, कुंडी हलकी लागते, कोकोपीट आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलेलं असतं. पाणी दिल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती टवटवीत होते. जास्त पाण्यानं त्रासलेल्या वेलीचं चित्र वेगळं: कुंडी जड, पानं पिवळी, डाग काळसर-तपकिरी आणि मऊ, त्यांच्याभोवती पिवळी कड, खोड बुडाशी दाबलं तर लिबलिबीत. आणि पाणी दिल्यावर सुधारणा शून्य. तुमच्या पत्रातली लक्षणं याच बाजूची आहेत. मातीवर चिलटं उडत असतील तर तोही पुरावाच, कारण त्यांच्या अळ्यांना सतत ओला वरचा थर लागतो.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. मातीत ओल भरपूर असली आणि रात्री पानांतून बाष्प कमी बाहेर पडत असलं की वेल जास्तीचं पाणी टोकाच्या छिद्रांतून बाहेर टाकते. अधूनमधून दिसलं तर काही बिघडत नाही. रोज दिसत असेल तर मात्र पाणी देण्याची घाई होतेय.

द्यायचं ते पोटभर

तपासून झालं आणि पाणी द्यायचं ठरलं, की कुंडी शोभेच्या भांड्यातून बाहेर काढूनच द्या. मोरीत किंवा सिंकमध्ये ठेवा. बारीक धारेनं, कडेनं गोल फिरवत, सगळा पृष्ठभाग भिजेल असं घाला. एकाच जागी ओतलं तर पाणी एकाच वाटेनं खाली निघून जातं. निम्मं घालून पाच मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला. खालच्या भोकांतून पाणी यायला लागलं की पुरे. १५ सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण ३५० ते ४५० मिली लागतं, १० सेंटिमीटरच्या कुंडीला १०० ते १२५, २० सेंटिमीटरच्या कुंडीला ८०० मिली ते एक लिटर. ढोबळमानानं कुंडीत मावणाऱ्या मातीच्या चौथा-पाचवा हिस्सा. मग वीस मिनिटं निथळू द्या, कुंडी थोडी तिरकी धरली की बुडाचं आणखी थोडं पाणी निघतं, ते निघू द्या, आणि त्यानंतरच ती भांड्यात परत ठेवा. खाली ताटली असेल तर तीही रिकामी करा.

कधी उलटं होतं: पाणी घालावं तर ते लगेच खालून बाहेर येतं आणि कुंडी हलकीच राहते. कोकोपीट कडकडीत वाळलं की आकसतं, पाणी कडेच्या फटीतून निसटतं, मधला गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडीच्या एक तृतीयांश उंचीइतकं पाणी टबात घेऊन त्यात कुंडी अर्धा-पाऊण तास ठेवायची. पृष्ठभाग गडद झाला की काढून निथळायची. पण दर वेळी खालूनच पाणी देऊ नका, कारण पाण्यातले आणि खतातले क्षार मग वर साचत जातात.

आता "आठवड्यातून एकदा" या सल्ल्याबद्दल. चांगल्या उजेडाच्या खिडकीजवळ, गरम कोरड्या हवेत १५ सेंटिमीटरच्या कुंडीला पाच-सात दिवसांनी पाणी लागू शकतं. हीच कुंडी तुमच्या टीव्हीशेजारी बारा-पंधरा दिवस काढेल, थंडीत तीन आठवडेही. पंखा, वातानुकूलन, कुंडीचं साहित्य, वेलीचा पसारा, सगळ्यांनी हा आकडा हलतो. म्हणून दिवस ठरवायचाच असेल तर तो तपासण्याचा ठरवा. बोट ओलं आलं तर मुकाट्यानं परत फिरायचं.

बर्फ नको. ही उष्ण प्रदेशातली वेल, मूळची दक्षिण प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाची. तिच्या मुळांना गारठ्याची सवय नाही. आणि बर्फाचा खडा म्हणजे पुन्हा तेच, थोडं थोडं पाणी एका जागी. पाणी खोलीच्या तपमानाचं असावं. नळाचं चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्यानं तो बराचसा उडून जातो. पाणी फार जड असेल, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत असेल आणि पानांची टोकं करपत असतील, तर तीन-चार महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट पाणी हळूहळू सोडून क्षार धुवून काढा. शुद्धीकरण यंत्राचं फेकलं जाणारं पाणी वापरू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. पानांवर फवारे मारल्यानं धूळ निघते, तहान भागत नाही.

बाटलीतली वेल का मरत नाही

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. बहिणीच्या बाटलीतली मुळं पाण्यातच फुटलेली आहेत. अशा मुळांच्या आत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या जास्त असतात, आणि बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू थेट मुळाला लागतो. दर आठवड्याला पाणी बदललं की तो पुन्हा भरला जातो. तुमच्या कुंडीतली मुळं मातीत वाढलेली, हवेला सरावलेली. ती एकदम बुडाली. शिवाय कोकोपीट आणि खत कुजवणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याच साचलेल्या पाण्यात असतात आणि जो थोडा प्राणवायू पोचतो तो मुळांआधी तेच संपवतात. वर मूळकुजीच्या बुरशीसारख्या जीवांना असा चिखल फार मानवतो. थोडक्यात, बाटलीत पाणी असतं, तुमच्या भांड्यात दलदल झाली होती.

याच कारणानं बाटलीतली वेल मातीत लावली की पहिले पंधरा दिवस रुसते. त्या काळात माती नेहमीपेक्षा थोडी ओलसर ठेवावी लागते, मातीतली नवी मुळं येईपर्यंत.

आता तुमच्या वेलीचं काय करायचं

दोन दिवस निथळल्यावर कुंडी आडवी करून वेल बाहेर काढा. मुळांवरचं कोकोपीट बोटांनी सैल करा आणि नळाच्या बारीक धारेखाली धुवा. चांगलं मूळ फिकट पांढरं किंवा पिवळसर आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी-काळं, आणि दोन बोटांत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते, आत दोऱ्यासारखी तार उरते. अशी सगळी मुळं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं निरोगी भागापर्यंत कापा. खोडाचं बूड मऊ झालं असेल तर तेही कापायचं, काप आतून स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत.

मग उरलेल्या मुळांच्या मापाची कुंडी निवडा, मुळांच्या भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा राहील एवढीच. निम्मी मुळं गेली असतील तर १० सेंटिमीटरची कुंडीही पुरेल. दया येऊन मोठी कुंडी घेतली तर जास्तीची माती पाणी धरून बसेल आणि ते पिणारं मूळ तिथं नसेल. जुनं मिश्रण वापरू नका. नवं असं करा: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), एक भाग झाडाच्या सालीचे बारीक तुकडे किंवा भरड वाळू. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मिठाचा अंश राहिलेला असू शकतो. मूठभर गांडूळखत चालेल, त्यापेक्षा जास्त नको. लावताना माती ठोकून बसवू नका. कुंडी दोन-तीनदा आपटली की पुरते. एकदा पाणी देऊन निथळा, त्यानंतर बोटाची परीक्षा झाल्याशिवाय थेंबही नाही.

कुंडी खिडकीपासून एक-दीड मीटरवर आणा, थेट कडक ऊन लागणार नाही अशी. नुसत्या या बदलानं वेल पाणी जास्त ओढायला लागेल आणि कुंडी वेळेवर सुकेल. शोभेचं भांडं टाकून द्यायची गरज नाही. त्याच्या तळाशी दोन सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवा आणि आठवड्यातून एकदा आत डोकवा.

खत बंद. जखमी मुळांना क्षारांची आग होते. नवं पान उलगडलेलं दिसेल तेव्हा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यानं सुरुवात करा. बुरशीनाशक पावडरीवरही फार पैसे घालवू नका. कुंडी चिखलात असेपर्यंत ती काही करू शकत नाही, आणि निचरा झाला की बहुतेकदा तिची गरज उरत नाही.

आणि आजच, वेल कुंडीतून काढायच्याही आधी, शेंड्याकडचे दोन-तीन निरोगी तुकडे काढून ठेवा. विम्यासारखे. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पानं हवीत. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथं एक छोटा तपकिरी कोंभ दिसतो, ते हवाई मूळ. त्या सांध्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली काप घ्या. सांधा पाण्यात, पान पाण्याबाहेर. सांधा नसलेल्या नुसत्या पानाला मुळं फुटली तरी त्यातून वेल होत नाही, हे लक्षात ठेवा. उजेडात दहा-पंधरा दिवसांत मुळं दिसू लागतील, पाच सेंटिमीटर झाली की मातीत लावता येतील. किंवा बहिणीसारखी बाटलीतच ठेवा; मग बाटली गडद रंगाची घ्या म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि महिन्यातून एकदा पाण्यात विरघळणाऱ्या खताची अगदी पातळ मात्रा द्या.

पुढचे दोन आठवडे आणखी एखाद-दोन पानं पिवळी पडतील. त्यांचं नुकसान आधीच झालेलं आहे, ती पुन्हा हिरवी होणार नाहीत. पूर्ण पिवळी झाली की देठासकट काढा. त्यासाठी पाणी वाढवू नका, कमीही करू नका. वाढीच्या दिवसांत असेल तर महिना-दीड महिन्यात शेंड्याला गुंडाळलेलं नवं पान यायला हवं. तोपर्यंत खोड टणक आहे ना, एवढं बघत राहा. तेही मऊ पडत वर चढायला लागलं तर मूळ झाडाचा नाद सोडा आणि पाण्यातले तुकडे वाढवा.

कापलेली पानं-मुळं घरातल्या मांजर-कुत्र्यांच्या किंवा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, कापून झाल्यावर हातही साबणानं धुवा. या वेलीच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; चावलं तर तोंडाची आणि घशाची आग होते, तोंड सुजतं.